दहा तोंडं, एक उजेड

१९१६ साली मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये ‘चित्र रामायण’ छापून झालं. त्यातली चित्रं काढणारे गृहस्थ पेशाने चित्रकार नव्हते, ते औंधचे संस्थानिक होते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सगळ्यांचे बाळासाहेब. पुस्तकात एक चित्र कुंभकर्णाचं आहे. त्याला झोपेतून उठवलं आहे आणि तो जांभई देतो आहे. असा देह कुणी पाहिलेला नाही, पाहणं शक्यही नाही. तरीही चित्रासमोर ‘हे खोटं आहे’ असं मनात येत नाही. इतर पानांवर वानर बोलतात, पक्षी रथावर झेप घेतो, दहा तोंडांचा राजा सिंहासनावर बसतो आणि आपण हे सगळं मानत जातो.

आपण ते का मानतो, हा प्रश्न फक्त रामायणाच्या चित्रांपुरता नाही. आज तो सर्वांत निकराने विचारला जातो व्हिडिओ गेमच्या स्टुडिओंमध्ये, आणि त्यातही स्वप्नासारख्या, अतिवास्तव गेम बनवणाऱ्यांकडे. जिथे जिना वर चढत चढत पुन्हा खालच्याच पायरीला येऊन मिळतो, माणसाच्या डोक्याच्या जागी दिवा असतो, दार उघडलं की समुद्र लागतो, तिथे खेळणाऱ्याला तासन्‌तास थांबवून ठेवायचं असतं. माझं उत्तर सरळ आहे. जग जितकं अशक्य, तितका ते रंगवणारा हात काटेकोर असावा लागतो. विचित्रपणाला मोकळीक विषयात द्यावी, शैलीत देऊ नये. औंधमध्ये हे फार आधी आणि फार मनापासून करून पाहिलं गेलं होतं, म्हणून या प्रकरणाची वाट औंधवरून जाते.

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं यमाईचं गाव. संस्थान मात्र एका जागी सलग नव्हतं. बहात्तर गावं, काही औंधच्या आसपास, काही आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीकडे आणि कुंडलकडे विखुरलेली. कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तीही याच संस्थानात. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राजाने आपले अधिकार लोकांच्या हाती सोपवणारी घटना मान्य केली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत निघाली. औंधविषयी लिहिणारे बहुतेक याच गोष्टी लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण बाळासाहेबांच्या आयुष्यात चित्र ही हौस म्हणून कडेला पडलेली गोष्ट नव्हती. ते कीर्तन करत, वेरूळ आणि अजिंठ्यावर पुस्तकं लिहीत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करत आणि या सगळ्यातून वेळ काढून रंगवत बसत. १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांचं श्रीभवानी चित्र-पदार्थ संग्रहालय सुरू झालं.

आता पुन्हा कुंभकर्णाकडे, कारण गेममधली सर्वांत मोठी अडचण तिथेच आहे. राक्षस मोठा करायचा म्हणजे काय करायचं? संगणकावर उत्तर सोपं वाटतं. माणसाची आकृती घ्यायची आणि पन्नास पट वाढवायची. पण तसं केलं की त्याच्या अंगावरचे ब्रशचे फटकारेही पन्नास पट वाढतात. कातडीचा पोत, कापडाची वीण, केसांच्या रेघा, सगळंच फुगतं. शेजारी उभ्या असलेल्या नायिकेच्या अंगावर बारीक रेघ आणि राक्षसाच्या अंगावर दोरखंडाएवढी रेघ, असं झालं की डोळा लगेच ओळखतो की हा मोठा नाही, मोठा केलेला आहे. म्हणून गेमचे चित्रकार एक नियम पाळतात. एक मीटर लांबीच्या पृष्ठभागावर चित्राचे किती ठिपके बसायचे ते एकदा ठरवायचं आणि मुंगीपासून डोंगरापर्यंत तेच प्रमाण जपायचं. बाळासाहेबांच्या चित्रात हा हिशेब हाताने आपोआप झालेला आहे. अवाढव्य देह आणि भोवतीची मंडळी एकाच पद्धतीने, एकाच प्रकारच्या छायाप्रकाशात रंगवलेली आहेत. कुंभकर्णासाठी वेगळी शैली काढलेली नाही. आकार सोडला तर त्याला एकही सवलत दिलेली नाही, आणि म्हणूनच तो आकार पटतो.

युरोपातल्या अतिवास्तव चित्रकारांनाही हे कळलं होतं. आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४चा. साल्वादोर दालीने वितळलेल्या घड्याळांचं चित्र काढलं १९३१ साली. कॅनव्हास जेमतेम चोवीस बाय तेहतीस सेंटिमीटर, शाळेच्या वहीच्या उघडलेल्या दोन पानांहून लहान. त्यात घड्याळं फडक्यासारखी लोंबतात, पण त्यांच्यावरचा प्रकाश, त्यांची सावली, मागच्या कड्याची धार, सगळं जुन्या अकादमीतल्या विद्यार्थ्याने काढावं तसं शिस्तीत. स्वप्नात गोष्टी चुकीच्या असतात, पण अस्पष्ट नसतात. दालीने घड्याळंही धूसर फटकाऱ्यांत रंगवली असती तर पाहणाऱ्याने ती चित्रकाराची लहर म्हणून सोडून दिली असती.

औंधच्या राजाचं ‘चित्र रामायणा’नंतरचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९१८ साली त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. पुढे वि. स. सुखटणकरांच्या संपादनाखाली आदिपर्व निघालं, आणि एकोणीस खंडांचं ते काम १९६६ साली पुरं झालं. देशभरच्या हस्तलिखितांमधले पाठ ताडून पाहून, उपरे श्लोक बाजूला काढून हा मजकूर सिद्ध केला गेला. या आवृत्तीच्या शीर्षकपानावर संपादकाबरोबर बाळासाहेबांचंही नाव आहे, आणि आवृत्तीतली चित्रं त्यांनी प्राचीन नमुन्यांवरून केल्याचं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. विद्वानांनी मजकुराला जी कसोटी लावली, तिच्याशी जुळणारी कसोटी चित्रांनाही लावण्याचा हा आग्रह होता.

या आग्रहाचं मोल कळायला त्या काळातली पौराणिक चित्रं डोळ्यांसमोर आणावी लागतात. राजा रविवर्म्याने पुराणातल्या नायिकांना नऊवारी नेसवली. ती चित्रं देखणी आहेत. १८९४ साली त्याचा छापखाना सुरू झाल्यावर तीच रूपं घराघरांच्या भिंतींवर गेली आणि देव म्हटलं की आजही आपल्याला तीच आठवतात. पण त्याच्या मागोमाग आलेल्या कमी ताकदीच्या चित्रांत काय काय दिसतं पाहा. इंग्रजी नाटक कंपनीचा पडदा, पेशवाई पगडी, मुघली कमान, व्हिक्टोरियन खुर्ची आणि मध्ये द्रौपदी. एकेक वस्तू सुरेख असते. पण त्या सगळ्या एका जगात राहत नाहीत, आणि मग देवही तिथे पाहुणा वाटतो. प्राचीन नमुन्यांवरून काढायचं असं एकदा ठरवलं की दागिना, वस्त्र, आसन, स्तंभ, सगळ्यांचा उगम एकाच ठिकाणी जातो. आज गेम स्टुडिओत काम सुरू होण्याआधी एक जाड दस्तऐवज बनतो. त्यात कोणते रंग चालतील, कडा किती जाड, उजेड कुठून, दारं गोल की चौकोनी, काय अजिबात चालणार नाही, हे सगळं नमुन्यांसह लिहिलेलं असतं. त्याला आर्ट बायबल म्हणतात. बाळासाहेबांचे प्राचीन नमुने तेच काम करत होते.

हे सगळं गेममध्ये कसं उतरतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण पुण्यातलं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम चालू राहिलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. कलादिग्दर्शन श्रुती घोष यांचं. गोष्ट अशी, की सर्कशीत वाढलेल्या राजी नावाच्या मुलीच्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते.

राजीच्या वाटेत राजस्थानी धाटणीचे किल्ले आणि महाल लागतात, आणि त्यांच्या भिंती, कमानी, फरशा हाताने रंगवलेल्या आहेत, पहाडी लघुचित्रांच्या धर्तीवर. जागोजागी भित्तिचित्रं आहेत. तिथे थांबलं की दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत त्या चित्राची कथा सांगतात. आता लघुचित्र हाताएवढ्या कागदावरचं आणि गेम हिंडता येण्याजोग्या जागेचा, यांचा मेळ बसणं सोपं नाही. तो बसतो कॅमेऱ्यामुळे. कॅमेरा बहुतेक वेळा उंचावर आणि लांब ठेवलेला आहे. मुलगी लहान दिसते, वास्तू मोठी दिसते, आणि पहाडी चित्रात जसा वरून-बाजूने महाल दिसतो तसाच तो इथे दिसतो. भिंतीवरचा रंग लघुचित्राचा आणि पाहण्याचा कोन ॲक्शन सिनेमाचा असता, तर नुसती नक्षी उरली असती.

याच गेममध्ये एक धाडसही आहे. कथेचे मोठे टप्पे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे दाखवले आहेत, म्हणजे शैली मध्येच पूर्ण बदलते. हे नियम मोडणं नव्हे का? माझ्या मते नाही. शैली बदलते तेव्हा सांगणाराही बदलतो. महालात आपण राजी असतो, पडद्यावर आपण श्रोते होतो. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही आहे. ते या दोन्हींची मिसळ करत नाहीत. चित्रकथीचा एकेक कागद समोर धरून कथा गायली जाते, बाहुल्या पडद्यामागे जातात. पोथीच्या चित्रात राम, रावण, घोडा, राक्षस सगळ्यांना तोच मोठा वाटोळा डोळा असतो. चांगल्या-वाईटाचा भेद कथा करते, रेघ करत नाही. अतिवास्तव गेम करू पाहणाऱ्या मराठी मुलांनी पिंगुळीच्या पोथ्या जरूर पाहाव्यात. त्यांतली काटकसर फार शिकवते.

काटकसरीचा मुद्दा पैशाचाही आहे. छोट्या स्टुडिओला शेकडो वस्तू बनवायच्या असतात, आणि आज त्या तयार विकत मिळतात. झाड एका दुकानातून, तलवार दुसऱ्यातून, राक्षस तिसऱ्यातून. साध्या शर्यतीच्या गेममध्ये हे खपून जातं, कारण रस्ता आणि गाडी आपल्याला आधीच माहीत असते, डोळा उरलेलं स्वतः भरून काढतो. स्वप्नाच्या जगात डोळ्याकडे भरायला काहीच नसतं. तिथे ओळखीचं एकच उरतं, ते म्हणजे हात. तोही पावलागणिक बदलला तर खेळणारा विचारू लागतो की हे मुद्दाम विचित्र आहे की चुकून. हा प्रश्न एकदा पडला की भीती, नवल, हुरहूर सगळं संपतं.

म्हणूनच या प्रकारातले उत्तम गेम बहुधा एका माणसाचे किंवा मूठभरांचे असतात आणि साधनं गरीब असतात. २००४चा ‘युमे निक्की’ हा जपानी गेम किकियामा या नावाने एका व्यक्तीने, घरबसल्या वापरायच्या एका सॉफ्टवेअरवर केला. एक मुलगी झोपते आणि स्वप्नांत भटकते, इतकंच. त्यात भेटणाऱ्या गोष्टींना अर्थ लागत नाही, पण सगळ्या एकाच आकाराच्या जाड पिक्सेलच्या आहेत. पिक्सेलचित्रं काढणाऱ्यांत एक दोष नेहमी बोलला जातो, मिक्सेल. एकाच पडद्यावर लहान आणि मोठे पिक्सेल एकत्र आले की चित्र चिकटवल्यासारखं दिसतं. १९९६चा ‘द नेव्हरहूड’ तर सगळाच्या सगळा चिकणमातीचा. माणूस मातीचा, घर मातीचं, डोंगर मातीचा. मातीचा माणूस मातीची कळ दाबतो तेव्हा ती कळ का चालते हे कुणी विचारत नाही.

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण मात्र २०१४चं ‘मॉन्युमेंट व्हॅली’, लंडनच्या असट्वो स्टुडिओचं. त्यातल्या इमारती अशक्य आहेत. एक मनोरा फिरवला की दोन लांबचे रस्ते अचानक जुळतात आणि राजकन्या त्यावरून चालत जाते. यामागे पेनरोझ बापलेकांनी १९५८ साली मांडलेला अशक्य त्रिकोण आहे आणि एशर या चित्रकाराची चित्रं आहेत. पण युक्ती चालते कशाच्या जोरावर ते पाहायला हवं. या गेममध्ये दूरची गोष्ट लहान होत नाही. समांतर रेषा समांतरच राहतात, क्षितिजाकडे धावत एका बिंदूत मिळत नाहीत. त्यामुळे पडद्यावर दोन कडा एकमेकींना टेकल्या की त्यांतली पुढची कोणती आणि मागची कोणती हे डोळ्याला कळायला मार्गच नसतो. सगळ्या जगात कुठे एक खांब जरी नेहमीच्या दृष्टिक्रमाने काढला, लांब जाताना निमुळता होणारा, तर डोळ्याला अंतर मोजायची पट्टी मिळेल आणि सगळे अशक्य जोड तिथल्या तिथे सुटतील. इथे एकसंध शैली सौंदर्यासाठी नाही, तिच्यावर गेमचं यंत्र चालतं.

आणि आपल्या लघुचित्रांना हे आधीपासून येत होतं. औंधच्या संग्रहालयात वेगवेगळ्या घराण्यांची लघुचित्रं आहेत, पहाडी, राजस्थानी, विजापुरी, मराठा. त्यांतले सज्जे, गच्च्या, अंगणं नीट पाहिली तर तीच समांतर रेषा दिसते. महालाचा मजला आणि अंगण एकाच वेळी दिसतं, दूरची खोली जवळच्या खोलीएवढीच मोठी, आणि एकच नायिका एका चित्रात दोनदा दोन ठिकाणी असू शकते. युरोपी दृष्टिक्रम शिकलेल्या पिढ्यांनी याला चूक म्हटलं. गेम करणाऱ्याच्या दृष्टीने हा तयार नकाशा आहे.

याच संग्रहालयात शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं लहान दगडी शिल्प आहे, आणि त्याच छपराखाली रविवर्मा. एकसंधपणाची एवढी तरफदारी केल्यावर याविषयी काय म्हणायचं? संग्रहालय हे जग नसतं, जगांचा संग्रह असतो. दालन बदललं की पाहणारा डोळ्यांची तयारी बदलतो. २००५चा ‘सायकोनॉट्स’ हा गेम असाच बांधलेला आहे. प्रत्येक टप्पा एकेका माणसाच्या मनात घडतो आणि प्रत्येक मनाची शैली निराळी. पण पात्रांची घडण, त्यांचे वाकडेतिकडे चेहरे, सगळीकडे तेच. दालनं बदलतात, पाहणारा तोच राहतो.

सिनेमातलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रभात कंपनीच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’च्या अखेरीला वैकुंठाचं विमान येतं. आजच्या तांत्रिक मापाने ते विमान साधं आहे. तरी ते पटतं, कारण तोवर दिग्दर्शक फत्तेलाल आणि दामल्यांनी उभं केलेलं देहू त्याच हातचं असतं. विमान आणि गोठा यांचा उजेड एक, कृष्णधवल कणांचा पोत एक. रंगीत, चकचकीत विमान त्या देहूत उतरलंच नसतं.

तर मग ‘चित्र रामायणा’वरून गेम करायचा झाला, तर सुरुवात कुठून? मला हे काम कुणी तरी करावं असं खरोखर वाटतं, म्हणून थोडं तपशिलात जातो. पहिला निर्णय बाह्यरेषेचा. त्या चित्रांत आकार उजेड-सावलीने वेगळे होतात, काळी कड फिरवून नव्हे. म्हणजे गेमच्या वस्तूंना कार्टूनसारखी कड देण्याचा मोह टाळावा लागेल. दुसरा, रंगाचा. शंभर वर्षांपूर्वीच्या छपाईची रंगसंगती घ्यायची की मूळ रंगांची कल्पना करायची, हे ठरवून मग बदलायचं नाही. जुनाट पिवळेपणा फक्त राजवाड्यात आणि लंका मात्र आजच्या पडद्यासारखी झगझगीत, असं चालणार नाही. तिसरा, हालचालीचा. चित्रातला हनुमान स्थिर आहे. तो उडी मारताना सेकंदाला साठ चित्रांनी गुळगुळीत सरकला तर रंगवलेपण जाईल, बारा चित्रांनी तुटक हलला तर कदाचित टिकेल. पण मग समुद्राच्या लाटा, ध्वज, धूर हेही बाराच चित्रांनी हलायला हवेत.

दशाननाचं वेगळंच आहे. चित्रात त्याला एकाच बाजूने पाहायचं असतं. गेममध्ये खेळणारा त्याच्याभोवती फिरणार आणि दहा मानांचा जोड मागून कसा दिसतो हे कुणालाच माहीत नाही. कॅमेरा बांधून ठेवायचा, की तो जोड नव्याने काढायचा? राजीच्या कर्त्यांनी कॅमेरा बहुतांशी बांधला, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे.

शेवटी अक्षरं. गुण, आयुष्याची पट्टी, संवाद, हे सगळं पडद्यावर सतत दिसत राहतं आणि तिथेच अनेक सुंदर गेम घसरतात. जग हाताने रंगवलेलं आणि त्यावर फोनमधला तयार फॉन्ट. निर्णयसागर छापखान्याचा जुना टाइप आपल्याकडे आहे. त्याचे जोडाक्षरांचे साचे, दंड आणि आकडे पाहून एक देवनागरी संच या गेमसाठी नव्याने काढावा लागेल. आकड्यांपासून सुरुवात करावी, कारण ते दहाच आहेत आणि खेळणारा त्यांच्याकडेच सर्वांत जास्त वेळा पाहणार आहे.